लाभाचं पोतं

सोलापूरच्या मालधक्क्यावर 'एक' हा आकडा कुणी तोंडातून काढत नसे. मालगाडीच्या वाघिणीचं दार सरकलं, पहिलं पोतं हमालाच्या पाठीवर चढलं, की मापारी मल्लप्पा हात वर करून ओरडायचा, "लाभ!" मग दोन, मग तीन. एक म्हटलं तर माल एकटा पडतो, वाटेत बुडतो, अशी समजूत होती. मल्लप्पा दुधनीचा. घरात कानडी बोलायचा, धक्क्यावर मराठी. पण लाभ दोन्हीकडे लाभच.

धक्क्यावर त्या शब्दाला आणखी एक अर्थ होता, आणि दगडाबाई त्या अर्थावर जगत होती. ज्या पोत्यावर लाभ पुकारला जाई, त्यात हमाल आपला लोखंडी आकडा मुद्दाम खोल मारायचा आणि ओढायचा. ताग फाटायचा, गव्हाची धार लागायची. पोतं वाघिणीत जाईपर्यंत पायली-दीड पायली खाली सांडायचं, आणि ते झाडणाऱ्या बायकांचं. कुणी लिहून दिलेलं नव्हतं. पण गहू खरेदी करणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या पेढीचा कारकूनसुद्धा तेवढ्या वेळापुरता पाठ फिरवून बिडी पेटवायचा. लाभ न पुकारता पोतं फाडलं तर मात्र ती चोरी. तशी चोरी करणाऱ्याला बाकीचे हमालच तुडवत.

दगडाबाई धक्क्यावर आली ती एकोणीसशे चोवीस साली, नवरा मेल्यावर. त्या उन्हाळ्यात विलायतेत गव्हाला मागणी होती आणि मुंबईच्या गोदीत बोटी वाट बघत होत्या. विजापूरपासूनचा गहू सोलापुरात येऊन पडत होता. जागा पुरेना म्हणून थप्प्या उंच गेल्या. तिचा नवरा कोंडीबा खालचं पोतं ओढत असताना वरची चौदा पोती एकदम आली. बाजूला काढला तेव्हा त्याची छाती चपटी झाली होती आणि नाकातोंडात गहू होता. पेढीच्या माणसांनी रक्तानं भिजलेला गहू खोऱ्यानं वेगळा केला, उरलेला नव्या पोत्यात भरला. गाडी दुपारी वेळेवर सुटली. लिव्हरपूल नावाच्या गावी तो गहू दळला जाणार होता. दगडाबाईला ते नाव सांगितलं एका कारकुनानं, तेही ती विचारत होती म्हणून नव्हे, काहीतरी बोलायला हवं म्हणून.

अकराव्या दिवशी ती भवानी पेठेतल्या खोलीतून निघाली आणि सूप घेऊन वाघिणीच्या दाराशी येऊन बसली. ती जागा महानंदाची होती. महानंदा म्हणजे कुंडलिक हमालाची बायको. धक्क्यावरच्या सहा झाडणाऱ्या बायकांत सगळ्यात तोंडाळ.

"काय गं, नवरा मेला म्हणून धक्का तुझ्या नावावर झाला व्हय?" महानंदा म्हणाली.

दगडाबाईनं रुळातली खडी उचलली आणि मारली. महानंदाचे पुढचे दोन दात तुटले. तिनं दगडाबाईला केसांना धरून धक्क्यावरून खाली लोळवलं, तिच्या कानाचा लचका काढला. हमालांनी पाणी ओतून दोघींना सोडवलं. दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा त्याच दाराशी होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. तिसऱ्या दिवशी महानंदानं आपल्या भाकरीचा चतकोर तिच्याकडे सरकवला.

"खा. तुला दात हायत," ती म्हणाली.

दात गेल्यापासून तिच्या बोलण्यातला 'स' शीळ घालत यायचा. हमाल चिडवायचे, "महानंदे, सोलापूर म्हण की." ती म्हणायची, आणि पाठोपाठ त्यांच्या सात पिढ्या काढायची. शिव्या देताना ती दगडाबाईकडे हसून बघायची, जणू ती शीळ दोघींनी मिळून विकत घेतली होती.

चार वर्षं अशी गेली. धान्य बाहेर जात होतं, लाभ पुकारला जात होता, सुपात काही ना काही येत होतं. मग वाघिणी कमी झाल्या. साहेबाच्या पेढीनं धक्क्यावरचा कारकून काढून घेतला. हमाल म्हणायचे, समुद्रापलीकडे आता दुसऱ्या देशांचा गहू जातो, आपला कुणाला नको. अठ्ठावीस साली उत्तरेकडे गव्हाला थंडीनं मारलं, इकडे तांबेरा पडला. आणि एकोणतीसच्या जानेवारीत एका सकाळी मुंबईकडून मालगाडी आली, ती भरलेली.

दार सरकलं तेव्हा आत कधी न पाहिलेली पोती होती. ताग तोच होता, कलकत्त्याचा. पण पोती ठासून भरलेली, ढोलासारखी घट्ट, तोंडाला बारीक टाक्यांची दुहेरी शिवण. वर निळ्या शाईत इंग्रजी अक्षरं.

"कुटला गहू म्हणायचा ह्यो?" दगडाबाईनं विचारलं.

"आस्ट्रेलियाचा," नवा मुकादम बाळासो म्हणाला. हा माणूस मुंबईच्या एका दलालानं पाठवला होता. पायात बूट, हातात लोखंडी गज.

"आष्टीचा? मोहोळच्या पल्याडल्या आष्टीचा व्हय? आगं बया, ते माझं म्हायेर की! तितं कधीपास्नं एवढा गहू पिकाय लागला?"

सगळा धक्का हसला. बाळासोसुद्धा हसला. मग त्यानं गज वाघिणीच्या पत्र्यावर आपटला.

"आकडे हितं टाका समद्यांनी. ह्या मालाला आकडा लावायचा न्हाय. एक भोक दिसलं तर हमाली कापीन."

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. आकड्यांचा ढीग भिंतीशी पडला. कुंडलिकनं पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि सवयीनं थांबला. सगळे थांबले. सहा बायकांनी सुपं पुढे केली.

मल्लप्पानं हात वर केला. त्याचा हात बराच वेळ वर राहिला.

"एक," तो म्हणाला.

कुंडलिक वळून बघायला लागला, पोत्याच्या वजनानं त्याचा तोल गेला. मल्लप्पानं त्याच्याकडे पाहिलं नाही. "दोन," तो म्हणाला. "तीन."

त्या दिवशी तीन वाघिणी उतरल्या. बायकांनी संध्याकाळपर्यंत झाडलं. सुपात कोळशाची भुकटी आली, तागाचे धागे आले, आणि दगडाबाईनं मोजले तेव्हा सतरा दाणे.

दुसऱ्या दिवशी बायकांनी मल्लप्पाला नळाजवळ गाठलं. तो तोंड धूत होता.

"अण्णा, जिभंला काय झालं तुमच्या?" महानंदा म्हणाली. "लाभ कुटं गिळलासा?"

"जाणाऱ्या मालाला लाभ म्हणायचं असतंय," मल्लप्पा म्हणाला. "आपलं पिकलं, जगात चाललं, म्हणून लाभ. ह्ये येतंय. माझ्या भावाचा गहू दुधनीत कणगीत पडून हाय. जेवढा वाचला तेवढा. ह्यो बोटीतनं आला आणि त्याला कुणी इचारंना. माझ्या भावाच्या दारात काटे घालणाऱ्या मालाला मी लाभ म्हणू?"

"म्हणा की," दगडाबाई म्हणाली. "पोटाला काय कळतंय, येतंय का जातंय?"

"देवाला कळतंय, दगडव्वा."

"देवाला सांगा, एक दिवस माझ्यासंगं झाडाय ये म्हणावं."

मल्लप्पानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. तो वाईट माणूस नव्हता. हमालांच्या आजारपणात तो स्वतः पोतं उचलायचा. पण तीस वर्षं त्यानं एक शब्द रोज पहिला उच्चारला होता आणि तो शब्द त्याच्या लेखी एखाद्या पूजेच्या भांड्यासारखा झाला होता. त्यात काहीही ओतायला तो तयार नव्हता.

बाळासोनं हे सगळं ऐकलं होतं. तो वाघिणीच्या पायरीवर बसून पान लावत होता.

"बायांनो, माझ्यावर राग नको," तो म्हणाला. "आमी रीत मोडत न्हाय. मापाऱ्यानं लाभ म्हणू द्या, आकडा माराय माझी ना न्हाय. पण त्यो म्हणंना, त्याला मी काय करू?"

तो मल्लप्पाकडे बघून हसला. त्याला म्हातारा पुरता कळला होता.

पंधरा दिवस वाघिणी येत राहिल्या आणि मल्लप्पा एक, दोन, तीन म्हणत राहिला. सहातल्या दोन बायका गिरणीत झाडू मारायच्या कामाला गेल्या. एक कुंभारीला भावाकडे गेली आणि तिथून परत हाकलली गेली. उरलेल्या एकमेकींच्या सुपात बघायच्या. एकदा नऊ-दहा दाण्यांवरून दोघी इतक्या भिडल्या की एकीचं बोट उलटं वळलं. ते सरळ झालंच नाही.

सोळाव्या दिवशी महानंदानं कमरेच्या विळ्यानं एक पोतं कोपऱ्यात चिरलं. ओंजळभर गहू पदरात घेतला आणि वळली, तर मागे बाळासो उभा होता. त्यानं ढिगातला एक आकडा उचलला, तिचा उजवा हात फळीवर दाबला आणि तळव्यातून आकडा आरपार घातला. मग तसाच ओढत तिला धक्क्याच्या मधोमध आणलं.

"हमाल लोकहो, बघा," तो म्हणाला. "तुमच्याच रीतीनं सांगतो. लाभ म्हणल्याबिगर फाडलं. ह्येला काय म्हणत्यात तुमच्यात?"

कुंडलिक पोतं टाकून धावला. त्यानं बायकोच्या हातातला आकडा काढला, तिच्या पदरानं हात बांधला. पण त्यानं बाळासोवर हात उचलला नाही.

"मार की त्याला!" दगडाबाई ओरडली.

"हिनं चोरी केली," कुंडलिक म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "शब्द न्हवता. शब्द असता तर मी एका पोत्याला न्हाय, धा पोत्यांना आकडा मारला असता. मापाऱ्याच्या तोंडातनं आल्याबिगर मी कसा मारू?"

घरी महानंदाच्या हाताची सूज कोपरापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. डॉक्टरनं तीन बोटं कापली. दगडाबाई तिच्या उशाशी होती. तापात महानंदा एकच सांगत होती, की ते पोतं फार घट्ट होतं, चिरलं तरी सांडत नव्हतं, बोटानं उकरावं लागलं.

दगडाबाई पहाटे तिथून उठली ती सरळ धक्क्यावर गेली.

गाडी लागलेली होती. शेवटच्या वाघिणीला इंजिन जोडायचं होतं. मल्लप्पा दाराच्या कडेला उभा होता. दगडाबाईनं ढिगातला आकडा घेतला, एक पाय वाघिणीत आणि एक धक्क्यावर टाकून ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि आकड्याचं टोक त्याच्या खालच्या ओठाशी धरलं.

"आज म्हणायचं," ती म्हणाली.

"दगडव्वा, बेड," मल्लप्पा कानडीत म्हणाला. नको.

"पोतं उचल रं कुंडलिक. उचल. अण्णा म्हणत्यात बघ."

कुंडलिकनं पोतं पाठीवर घेतलं. बाळासो दहा हातांवर होता. त्यानं गज उचलला, पण पुढे आला नाही. बहुधा त्याला मजा वाटत होती. सगळ्या धक्क्यावर फक्त इंजिनाची धाप ऐकू येत होती.

मल्लप्पाचे डोळे दगडाबाईच्या खांद्यावरून पलीकडे गेले. त्यानं तोंड उघडलं.

"ला..."

त्याच क्षणी इंजिन वाघिणीवर आदळलं. सगळी गाडी एक हात मागे सरकली. दगडाबाईचा पाय निसटला, ती पडली, आणि पडताना आकडा सोडायचं राहून गेलं. मल्लप्पाचा ओठ हनुवटीपर्यंत फाटला. त्यानं दोन्ही हात तोंडावर धरले. बोटांतून रक्त आलं, आणि पुढचा शब्द आलाच नाही.

"म्हणाले!" कुंडलिक ओरडला. "लाभ म्हणाले! ऐकलं का रं? लाभ!"

त्यानं पोतं खाली आपटलं, ढिगातला आकडा उचलला आणि पोत्यात मुठीपर्यंत मारला. मग सगळे हमाल ढिगाकडे धावले. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्यांच्या खांद्यांतून बाहेर आलं. फडाफड ताग फाटत होता. दूरच्या देशाचा पांढरा, मऊ गहू धारेनं खाली येत होता, धक्क्याच्या कडेवरून रुळात पडत होता. बायका पदर पसरून त्यात गुडघ्यांवर पडल्या होत्या. बाळासोची माणसं लाठ्या घेऊन आली. एका हमालाचा हात मोडला, एकाचा डोळा गेला. बाळासोनं मात्र कुणाकडे पाहिलं नाही. तो सरळ कुंडलिककडे गेला. कुंडलिक पाचव्या पोत्यात आकडा घालत होता, तेव्हा मागून गज त्याच्या डोक्यात बसला. मग पुन्हा बसला. पडल्यावरही बसला. कुंडलिक गव्हात पालथा पडला आणि गहू त्याच्या डोक्याखाली वाटीसारखा दबला.

दगडाबाईला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. बाळासोला काही झालं नाही. दंगा करणाऱ्यांना आवरताना घडलं, असं ठरलं. पुढच्या वर्षी सोलापुरात लष्करी कायदा आला, तो तिनं येरवड्यात ऐकला.

ती सुटून आली तेव्हा धक्का ओळखू येत नव्हता. सरकारनं परदेशी गव्हावर जकात बसवली होती. निळ्या अक्षरांची पोती बंद झाली होती. आता गहू पंजाबातल्या लायलपुराकडून यायचा, चार दिवस चार रात्री रेल्वेनं. पोती जुनी, ठिगळं लावलेली, शिवण सुटलेली. ती आपोआप गळत. बाळासो गेला होता, दलालही. नवा कारकून पंजाबी पेढीचा होता. तो पोत्यांवर खडूनं रेघा ओढायचा आणि एक अक्षर बोलायचा नाही. मल्लप्पा दुधनीला परत गेला होता. झाडण मिळत होतं, पूर्वीसारखं भरपूर नव्हे, पण जगण्यापुरतं.

महानंदा दोन बोटांच्या हातानं सूप धरायला शिकली होती. ती कुणालाही, नव्या हमालालासुद्धा, तीच गोष्ट सांगायची. "आमच्या मालकांनी लाभ म्हणल्याबिगर आकडा मारला न्हाय. चोर न्हवते. अण्णांच्या तोंडातनं शब्द आला, मगच मारला." रांडाव बाईजवळ आणखी काही नव्हतं. मंगळसूत्र गेलं होतं, बोटं गेली होती. एवढं एक वाक्य होतं.

दगडाबाई ते ऐकायची आणि मान खाली घालून झाडत राहायची. तिनं तो 'ला' सगळ्यात जवळून ऐकला होता. लाभमध्ये 'ला' येतं. 'लांब हो' म्हणतानाही येतं.

बत्तीस सालच्या मार्गशीर्षात ती गाडीत बसून दुधनीला गेली. मल्लप्पा भावाच्या ओट्यावर तूर निवडत होता. खालचा ओठ दोन भागांत भरून आला होता आणि त्या दोन भागांची गाठ पडत नव्हती. त्यामुळे ज्या अक्षरांना ओठ मिटावे लागतात ती त्याला उरली नव्हती. त्यानं तिला ओळखलं. आतून पाणी मागवलं. ती तांब्याला शिवली नाही.

"अण्णा, एकच इचारायला आले. त्या दिवशी काय म्हणत हुता? लाभ का लांब?"

मल्लप्पानं बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही शब्द त्याच्या तोंडातून सारखेच आले, नुसता वारा. मग त्यानं उघडा पंजा तिच्या छातीसमोर धरून हवा ढकलली. मागे हो.

"इंजिन आलं... दूर हो, सांगत..." एवढं तो बोलला, ओठ न लागणाऱ्या अक्षरांत.

"आणि इंजिन आलं नसतं तर? लाभ म्हणाला असता?"

त्यानं मान हलवली. नाही.

परतीच्या गाडीत अक्कलकोट रोड येईपर्यंत तिनं ठरवलं होतं की महानंदाला काही सांगायचं नाही. होटगीला ठरवलं, खोटं सांगायचं. धक्क्यावर पोचली तेव्हा पंजाबची गाडी लागत होती आणि महानंदा झाडत होती.

"कुटं गेलतीस गं दोन दिस?"

"दुधनीला."

सूप थांबलं. "अण्णांकडं?"

"व्हय."

"काय म्हणाले?" महानंदानं विचारलं, आणि मग घाईघाईनं, जणू उत्तर आपल्यापर्यंत पोचायच्या आत त्याला अडवायचं होतं, "खरं सांग. तुला कोंडीबाची आण हाय."

दगडाबाईनं सांगितलं. इंजिन, पंजा, लांब. काहीच वगळलं नाही.

वाघिणीच्या चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा महानंदानं डाव्या हातानं उचलला आणि दगडाबाईच्या तोंडावर मारला. दगडाबाई भिंतीला आदळली. दुसरा घाव खांद्यावर आला, तिसरा बरगडीत. हमाल बघत राहिले. बायकांचं भांडण, मिटेल. दगडाबाईनं आयुष्यात कुणाचा मार उलट न मारता घेतला नव्हता. आज तिचे हात खाली राहिले. ती घसरत खाली बसली, मग आडवी झाली. तोंडातून रक्त आणि दाताचा तुकडा आला. महानंदा मारत राहिली, तिच्या हातातून ठोकळा निसटेपर्यंत. दोन बोटांचा हात मदतीला आला असता तर तो इतक्या लवकर निसटला नसता.

मग दार सरकल्याचा आवाज झाला. ठिगळाची पोती खाली यायला लागली. खडूच्या रेघा ओढल्या जात होत्या आणि फरशीवर गहू गळत होता. बाकीच्या बायका सुपं घेऊन पुढे सरकल्या. महानंदानं धापा टाकत आपलं सूप उचललं आणि झाडू लागली, दारापासून भिंतीकडे, दगडाबाईच्या पायांशी, कमरेशी, खांद्याशी. कुठे एक दाणा सोडला नाही.

"हात उचल," ती म्हणाली.

दगडाबाईनं हात उचलला. खाली आठ-दहा दाणे होते. महानंदानं ते सुपात ओढले.